खाली कोण उतरणार?



परवा आपल्यातलाच एक शिकलेला मित्र म्हणाला, "अणुभट्टी, सुनामी ही पांढरपेशांची चर्चा. आपल्याला आधी भाकर पाहिजे." मी सूतगिरणीतला कामगार. शाळा अर्धी, रात्रपाळी पुरी. मला पाण्याचं एकच शास्त्र ठाऊक : पाणी खालच्याला आधी गाठतं. म्हणून तर आपली वस्ती गावाच्या उताराला ठेवली. मागं पुरात गिरणीच्या तळघरातल्या मोटारी बुडाल्या, तेव्हा साहेब जिन्यावर उभा राहून मला म्हणाला, "उतर की रे खाली." मेन स्विच बंद हाय का, विचारलं तर म्हणतो, "आसंल." मी उतरलो. पोटाला घाबरून उतरलो.

म्हणून फुकुशिमा मला पुस्तकाआधी अंगानं कळलं.

११ मार्च २०११. भूकंप झाला, बाहेरची वीज गेली, भट्ट्या बंद पडल्या. पण बंद भट्टीही आतून तापतच राहते. तिला थंड ठेवायला पंप पाहिजे, पंपाला वीज. डिझेल जनरेटर चालू झाले. पाऊण-एक तासात १४-१५ मीटरची लाट आली आणि जनरेटर, विजेच्या पेट्या बुडाल्या. बहुतेक तळघरातच मांडलेल्या! तीन भट्ट्या वितळल्या.

मालक म्हणाले, अशी लाट कल्पनेपलीकडची. खोटं! मूळची ३५ मीटर उंच जमीन खरवडून यांनीच १० मीटरवर आणली. समुद्राचं पाणी वर चढवायचा खर्च वाचला. २००८ साली कंपनीच्याच हिशेबात १५.७ मीटरचा आकडा आला होता. तो कागदात राहिला. तिकडं ओनागावाची भट्टी भूकंपाच्या आणखी जवळ, तरी तगली. ती बांधताना हिराई यानोसुके उंचीसाठी हटून बसला होता. २०१२ साली जपानच्या संसदेच्या चौकशी आयोगानंच लिहिलं : हा अपघात माणसानं घडवलेला.

आणि २४ मार्चला त्या तळघरातल्या किरणोत्सारी पाण्यात केबल टाकायला कोण उतरलं? कंत्राटी कामगार. दोघांच्या पायात उंच बूटसुद्धा नव्हते.

आपल्याकडं १९९४ च्या जूनमध्ये काक्रापारच्या टर्बाइनघरात पुराचं पाणी शिरलं. २००४ च्या सुनामीत कल्पाक्कमच्या पंपघरात. दोन्ही वेळा निभावलं. निभावलं म्हणजे सुरक्षित झालं, असं कोण म्हणतो?

मी विजेच्या विरोधात नाही. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा दामोदरचा पूर आणि वीज दोन्ही त्यांच्याच टेबलावर होती. वीज पाहिजेच. पण तिचा हिशेब आपण मागायचा. जनरेटर किती उंचीवर? पुराचा आकडा कुणी ठरवला, तो गावाला दाखवला का? पाणी शिरलं तर कंत्राटी माणसाला वाचवायची काय सोय?

सभेत हे विचारा. मोर्चात विचारा. उत्तर न देता कुणी "उतर खाली" म्हणाला, तर जाग्यावरच उभे राहा आणि म्हणा, साहेब, आधी तुम्ही.