अणुपाणबुडीची गोष्ट शौर्यावर थांबवू नका



‘अरिहंत’मुळे अणुपाणबुडी हा शब्द आता मुलांच्याही ओळखीचा झाला आहे. आपल्या नौदलाने अशी पाणबुडी पहिल्यांदा चालवली ती १९८८ साली, सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’. पण सोव्हिएत संघ स्वतः हे तंत्र कसं शिकला? ती गोष्ट वर्गात जरूर सांगावी. मात्र कशी सांगायची, याचा आधी विचार हवा.

डिझेलच्या इंजिनाला हवा लागते, म्हणून साध्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला सारखं वर यावं लागतं. अणुभट्टीला हवा लागत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेची ‘नॉटिलस’ अणुशक्तीवर निघाली. त्याआधीच, १९५२ मध्ये, स्टालिनने अशा पाणबुडीचा आदेश दिला होता. पेरेगुदोव यांनी पाणबुडीची रचना केली, डोलेझाल यांनी अणुभट्टीची. काम इतकं गुप्त, की सुरुवातीला खुद्द नौदलालाच विचारलं नव्हतं! आराखड्यात सुमारे दीड मीटर जाडीचा एकच अजस्र टॉर्पेडो होता. १९५४ मध्ये नौदलाच्या तज्ज्ञांनी तो पाहिला आणि हे उपयोगाचं नाही म्हणून सांगितलं. मग तो काढून नेहमीचे टॉर्पेडो बसवले. ४ जुलै १९५८ रोजी ही के-३ पाणबुडी प्रथमच अणुशक्तीवर चालली.

बरोबर तीन वर्षांनी, ४ जुलै १९६१ला, के-१९ उत्तर अटलांटिकमध्ये होती. अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीला गळती लागली. भट्टी बंद केली तरी तिच्यात उष्णता निर्माण होतच राहते, त्यामुळे पाणी फिरतं ठेवावंच लागतं. पण थंड करण्याची दुसरी, राखीव सोय बसवलेलीच नव्हती. शेवटी खलाशांनी भट्टीच्या खोलीत जाऊन, हाताशी असेल त्या सामानातून नळ्या जोडून ती सोय केली. किरणोत्सर्गापासून वाचवील असा पोशाखही त्यांच्याकडे नव्हता. भट्टी थंड झाली, बाकीचे वाचले. मात्र तीन आठवड्यांच्या आत आठ जण गेले.

त्याच वर्षी १२ एप्रिलला गागारिन अंतराळात गेला, ते साऱ्या जगाला कळलं. या आठ जणांबद्दल मात्र अनेक दशकं अवाक्षर काढायची सोय नव्हती.

आता खरा मुद्दा. ही गोष्ट आपण बहुतेकदा ‘केवढं हे बलिदान!’ असं म्हणून संपवतो. मुलांचे डोळे पाणावतात, तास संपतो. मला हे अपुरं वाटतं. त्या तरुणांचं धैर्य मोठंच आहे, पण त्यांच्यावर ती वेळ का आली? अमेरिकेला गाठायची घाई होती आणि प्रश्न विचारणाऱ्याला जागा नव्हती. टॉर्पेडोच्या बाबतीत वापरणाऱ्याला उशिरा का होईना विचारलं, म्हणून चूक कागदावरच सुधारली. के-१९ची उणीव समुद्रात कळली, आणि तिची किंमत आराखडा काढणाऱ्यांनी नाही, तर आत बसलेल्यांनी मोजली.

शौर्य पुष्कळदा कुणाच्या तरी निष्काळजीपणावर पांघरूण घालतं. हे मुलांना सांगितल्याने देशप्रेम कमी होत नाही, उलट माणसाच्या जिवाची किंमत कळते. उद्या यातलीच काही मुलं कारखान्यात, दवाखान्यात, धरणावर काम करतील. ‘साहेब, इथे राखीव व्यवस्था नाही,’ असं म्हणण्याची सवय त्यांना तिथे अचानक लागणार नाही. ती वर्गातच लागते, ‘सर, फळ्यावरचं उत्तर चुकलंय’ म्हणणाऱ्या मुलाला आपण गप्प करतो की जवळ बोलावतो, यावरून.

म्हणून गोष्ट सांगून झाल्यावर एकच प्रश्न फळ्यावर लिहा: ‘या आठ जणांना वाचवण्यासाठी कोणी, कधी, काय विचारायला हवं होतं?’ मग खडू खाली ठेवा आणि मुलांना बोलू द्या.