गृहपाठ मुलीचा, स्टार बापाला

मागच्या गुरुवारी रात्री अकरा वाजता कोपरखैरणेतल्या आमच्या घरी मी पुठ्ठ्यावर कापसाचे ढग चिकटवत बसलो होतो. मुलगी चौथीत आहे. तिला जलचक्राचं मॉडेल करून न्यायचं होतं. ती दहालाच झोपली. दुसऱ्या दिवशी मॉडेलला स्टार मिळाला.

तिच्याच वर्गात आरटीईच्या २५ टक्के जागांतून प्रवेश मिळालेली एक मुलगी आहे. वडील एपीएमसीत माथाडी, आई घरकाम करते. तिने वहीच्या पानावर रंगीत पेन्सिलीने जलचक्र काढून आणलं होतं. तिला शेरा मिळाला, 'मॉडेल नाही. अपूर्ण.'

आमची मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, बाष्पीभवन म्हणजे काय ते मॅडमनी विचारलं तेव्हा तिनेच सांगितलं. मला नाही आलं."

खरं सांगतो, मला लाज वाटली. स्टार माझ्या कापसाला मिळाला होता आणि जिला विषय समजला होता ती अपूर्ण ठरली होती. त्यात माझाही हात होता.

आपण पालक समजतो की होमवर्क जितका जास्त तितका अभ्यास पक्का. हे कितपत खरं आहे? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ या काळातले अभ्यास एकत्र तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सातवी ते बारावीत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसला, सहावीपर्यंत तो फारच कमी होता. म्हणजे जिथे फायदा कमी, तिथेच आपण सगळ्यात जास्त रात्री जागवतोय.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको, फार तर घर-परिसरातलं काही शोधायला सांगा. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात तर आकडेच आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी रोज एक तास. नववीपासून पुढे रोज दोन तास.

मी गेल्या आठवड्यात घड्याळ लावून मोजलं. चौथीच्या मुलीचे सहा तास दहा मिनिटं झाले. त्यात माझे कापसाचे दोन तास धरलेले नाहीत!

"मग बंदच करा होमवर्क," असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. पाढे पाठ होण्यासाठी, मोठ्याने वाचायची सवय लागण्यासाठी घरी थोडा सराव हवाच. सरसकट बंद केला तर आमच्यासारखे लोक पोरांना आणखी एका क्लासला घालतील आणि ज्यांना क्लासची फी परवडत नाही त्यांचा सरावही जाईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की गृहपाठ मुलाला एकट्याने, वही-पेन्सिलीवर, आईबापाच्या मदतीशिवाय करता आला पाहिजे. बाईंनी तो नुसती टिक न मारता वाचला पाहिजे आणि चुकलं कुठे ते सांगितलं पाहिजे. एका वर्गात पन्नास मुलं असतील तर रोज पाच विषयांच्या वह्या वाचणं कुणालाच शक्य नाही, हे मान्य. मग देतानाच कमी द्या. मॉडेल करायचंच असेल तर वर्गात करून घ्या, सामान शाळेने द्यावं, फीमध्ये तेवढी जागा नक्की असते.

नाहीतर गृहपाठाचे मार्क म्हणजे घरात टेबल आहे का, प्रिंटर आहे का, आणि रात्री अकराला जागा राहणारा बाप आहे का, याचे मार्क. त्याला मुलाची प्रगती म्हणू नका.

पुढच्या पालकसभेत मी हे बोलणार आहे. माझ्या मॉडेलचा किस्साही सांगणार आहे. आणि यापुढे मुलीचा प्रोजेक्ट वाकडातिकडा झाला तरी चालेल, मी हात लावणार नाही. तुमच्या घरी आठवड्याला किती तास जातात? मोजून कमेंटमध्ये लिहा. आणि त्यातले मुलांचे किती, आपले किती, तेही प्रामाणिकपणे लिहा.