चालत या, पण मैदानात या!

उपचार संपवून कॅन्सरचा रुग्ण घरी आला की घरात त्याची एक खुर्ची ठरून जाते. खिडकीपाशी, पाठीला उशी लावलेली. पाण्याचा तांब्या हाताशी, टीव्हीचा रिमोट मांडीवर. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच सांगतो, ‘‘आता दगदग करायची नाही हं. आराम करा.’’ बायको हातातली पिशवी काढून घेते, मुलगा एकट्याला जिना उतरू देत नाही, सून ताटसुद्धा जागेवर आणून देते. सगळं मायेपोटी. आणि या मायेतच माणूस खचत जातो. मांड्यांतलं मांस गळतं, भूक मरते, रात्रीची झोप उडते. ज्याने केमोच्या फेऱ्या दात-ओठ खाऊन काढल्या, तोच माणूस घरातली एक जपून ठेवलेली वस्तू होऊन बसतो. हे थांबवायला हवं, आणि ते आपल्या घरापासून थांबवायला हवं.

ही हाक त्या खुर्चीत बसलेल्या माणसासाठी आहे. दादा, मावशी, काका, उठा. धावायला कुणी सांगत नाही. चालत या, पण मैदानात या.

इंग्लंडमध्ये चेस्टरफील्ड नावाचं गाव आहे, एकेकाळच्या कोळसाखाणींच्या मुलखातलं. तिथल्या फुटबॉल क्लबच्या विश्वस्त संस्थेने 2011 मध्ये पन्नाशी उलटलेल्यांसाठी एक खेळ सुरू केला. वॉकिंग फुटबॉल, म्हणजे चालत खेळायचा फुटबॉल. मुख्य नियम एकच: एक पाऊल कायम जमिनीवर. पळालात, अगदी दुडक्या चालीने गेलात, तरी पंचाची शिट्टी वाजते आणि फ्री किक समोरच्या संघाला मिळते. अंगाला अंग भिडवायचं नाही, घसरून टॅकल करायचं नाही, चेंडू डोक्याच्या वर उडवायचा नाही. मैदान छोटं आणि संघ पाच-सहा जणांचा. गुडघे बदललेले, छातीत स्टेंट बसवलेले, कॅन्सरमधून उठलेले, असे सगळे त्यात मावतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. एकदा आत उतरून पाहावं. चेंडू चार हातांवरून जात असतो, जुन्या सवयीने पाय झेप घ्यायला निघतात आणि त्यांना जागच्या जागी आवरावं लागतं. त्या आवरण्यातच पोटऱ्या भरून येतात. वेगाने कुणाला चुकवता येत नाही, म्हणून चेंडू येण्याआधीच मान वर करून बघावं लागतं: कोण मोकळा आहे, पास डावीकडे द्यायचा की मागे. पाऊल नीट टेकवून, टाचेपासून अंगठ्यापर्यंत भार देऊन चालावं लागतं. थोड्याच वेळात बनियन पाठीला चिकटतं. आणि सामना संपल्यावर गोल कोणी केला यावरून जो वाद होतो, त्या वादात ‘तुमची तब्येत कशी आहे’ हा प्रश्न कुणालाच आठवत नाही. आजारी माणसाला यापेक्षा मोठं औषध कोणतं?

आता कुणी म्हणेल, हे सगळं भावनेच्या भरात चाललंय. तर पुरावा बघा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी प्रोस्टेट कॅन्सरचे 57 रुग्ण घेतले, सरासरी वय 67. हे सगळे हार्मोन कमी करणाऱ्या उपचारावर होते. या उपचाराने स्नायू झडतात, चरबी वाढते, हाडं विरळ होतात. त्यातल्या निम्म्या लोकांना बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा फुटबॉल खेळायला लावलं. आणि ते चालत नव्हे, चांगले पळत खेळले. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले: जिथे स्नायू घटायला हवे होते तिथे ते वाढले, पायांची ताकदही वाढली. पुढे हाच खेळ तिथल्या गावोगावच्या क्लबांत नेला गेला आणि स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचेही संघ उभे राहिले.

त्याहून मोठा पुरावा 2025 मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या 889 रुग्णांवर झालेला हा अभ्यास मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात चालला. अर्ध्या रुग्णांना व्यायामाची माहितीपत्रकं दिली, अर्ध्यांना तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ठरवून व्यायाम दिला. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा व्यायाम करणाऱ्यांत 90 टक्के जिवंत होते, माहितीपत्रकवाल्यांत 83 टक्के. सात टक्क्यांचा हा फरक एखाद्या नव्या गोळीने पाडला असता तर त्या गोळीच्या जाहिराती दर चौकात लागल्या असत्या! हा अभ्यास एका प्रकारच्या कॅन्सरचा आहे, तो सगळ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण ‘आराम करा’ या सल्ल्याच्या बाजूने असा कोणता अभ्यास उभा आहे, ते मला कुणी दाखवावं.

पायांचं झालं. चेहऱ्याचं काय?

हा प्रश्न महाराष्ट्राने तरी टाळू नये. मावा, गुटखा आणि तंबाखूची मळलेली चिमूट यांनी आपल्याकडे किती जबडे खाल्ले आहेत! तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाचा खालचा जबडा काढावा लागला तर सर्जन पुष्कळदा पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड घेतात, त्याला आकार देतात आणि त्याचा नवा जबडा करतात. सोबत पायाचीच कातडी गालाला लावतात. रंगाने ती वेगळी दिसते. ओठ एका बाजूला ओढला जातो, बोलणं जड होतं. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, जीव वाचलेला असतो आणि माणूस मात्र तोंडाला रुमाल बांधून मागच्या दाराने ये-जा करतो. लग्नाला जात नाही. गेलाच तर ग्रुप फोटोच्या वेळी बाजूला होतो. त्याच्याशी बोलणारेसुद्धा नजर खांद्यावर ठेवून बोलतात.

या नजरेवरचा उपाय लंडनमध्ये एका चित्रकाराने करून दाखवला. तिथल्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधले सर्जन इयन हचिसन यांनी मार्क गिल्बर्ट या स्कॉटिश चित्रकाराला आपल्या विभागात बोलावलं. कॅन्सरने, अपघाताने, जन्मजात दोषाने ज्यांचे चेहरे बदलले होते, त्यांना समोर बसवून गिल्बर्ट यांनी मोठमोठी तैलचित्रं रंगवली. काहींची शस्त्रक्रियेआधीची, काहींची नंतरची. 2002 मध्ये ती चित्रं लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागली. ज्या भिंतींवर राजेराण्या आणि पंतप्रधान टांगलेले असतात, त्याच वास्तूत टाके घातलेला गाल आणि पुन्हा रचलेला जबडा दिमाखात उभा राहिला. मोबाइलमधला फोटो निमिषात निघतो. व्यक्तिचित्राला बैठक लागते. चित्रकार तासन् तास त्या चेहऱ्याकडे बघतो, न कचरता बघतो, हनुवटीखालचा व्रण कुठे वळतो ते शोधतो, त्यावर पडलेला उजेड कोणत्या रंगाचा आहे ते ठरवतो. ज्याच्याकडे कुणी सरळ बघत नव्हतं त्याला असं कुणीतरी बघणं, हाच मोठा सन्मान आहे.

आणि फुटबॉलचं चित्र म्हणजे फक्त तारेतारकांचं चित्र, असं कुणी ठरवलं? एल. एस. लाउरी या इंग्रज चित्रकाराने 1953 मध्ये ‘गोइंग टू द मॅच’ रंगवलं. बोल्टन वाँडरर्सच्या बर्नडन पार्क मैदानाकडे निघालेली गिरणगावातली गर्दी, थंडीत खांदे पाडून, वाकून चाललेली साधी माणसं. खेळाडूंची चित्रं थोडी का निघाली होती त्या देशात? पण 2022 मध्ये लिलावात 78 लाख पौंडांना गेलं ते या चालणाऱ्या माणसांचं चित्र. आज ते सॅल्फर्डच्या ‘द लाउरी’ या कलासंस्थेकडे आहे.

मग विचार करा: कॅन्सरमधून उठलेला एखादा चित्रकार स्वतः वॉकिंग फुटबॉल खेळतो आणि फुटबॉलवाल्यांचे चेहरे रंगवतो, तेव्हा तो किती मोठं काम करत असतो! खेळ त्याला त्याचं शरीर परत देतो आणि कुंचला त्याच्या सवंगड्यांना त्यांचे चेहरे परत देतो.

हे काम करण्यासाठी महाराष्ट्रात एक गाव जन्मालाच घातल्यासारखं आहे. कोल्हापूर! आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे कलापूर. आणि फुटबॉलच्या बाबतीत तर विचारायलाच नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, असे इथले संघ. जिथे एकेकाळी लाल मातीत कुस्ती घुमली त्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. विश्वचषक आला की मेस्सी आणि रोनाल्डोचे फलक चौकाचौकांत झळकतात. ज्या गावाला चेहरा रंगवता येतो आणि चेंडूही खेळवता येतो, त्या गावाने ही दोन्ही कामं एकत्र करायला कुणाची वाट बघायची?

तालमीतल्या भावांनो, तुमच्या पेठेत जुने खेळाडू आहेत. कुणी सत्तरच्या दशकात हाफबॅकला खेळलेला, कुणी गोलकीपर. त्यातल्या काहींना हा आजार गाठून गेला आहे आणि ते घरात बसून आहेत. सामन्याचा गोंगाट त्यांच्या खिडकीतून आत येतो. त्यांना बाहेर काढा. आठवड्यातून एक सकाळ, मैदानाचा एक कोपरा, चार शंकू, दोन छोटे गोलपोस्ट आणि शिट्टी वाजवणारा एक समजूतदार पोरगा. याला अनुदान लागत नाही, मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन लागत नाही. आणि खिशात पुडी असेल तर ती मैदानाच्या दाराशीच फेका. ज्याचा जबडा त्या पुडीने नेला, त्याच्यासमोर ती मळत उभं राहायला तरी लाज वाटू द्या.

चित्रकारांनो, दळवीज आर्ट्समध्ये शिकणाऱ्या मुला-मुलींनो, तुम्ही मॉडेल शोधत असता. हे बघा तुमचे मॉडेल! खेळून आलेला, कपाळावर घाम असलेला, जर्सी घातलेला माणूस. त्याची परवानगी घ्या, त्याला आवडेल त्या बाजूने बसवा, मधेमधे विश्रांती द्या. व्रण लपवायचा की दाखवायचा हे त्याच्यावर सोडा. दाखव म्हणाला तर मात्र हात आखडू नका. आणि चित्र तयार झालं की ते तालमीच्या भिंतीवर लावा, पूर्वीच्या मल्लांच्या तसबिरींच्या रांगेत. कारण हीसुद्धा कुस्तीच होती.

घाई मात्र नको. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि स्पष्ट विचारा: मी चालत फुटबॉल खेळू का? आजार हाडांत उतरलेला असेल, रक्तातल्या पेशी खाली आल्या असतील, केमोच्या काही औषधांनी हृदयावर ताण आला असेल, तर त्यांचा शब्द अखेरचा. केमोच्या काही औषधांनी पायांचे तळवे बधिर झालेले असू शकतात, म्हणून सपाट मैदान आणि नीट बसणारे बूट हवेत. पायाचं हाड जबड्याला दिलेलं असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच चेंडूला पाय लावा. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येणाऱ्या बायकांनी ती बाजू धक्क्यापासून सांभाळावी. हो, बायकांनीसुद्धा यायचंय. वहिनी, आत्या, आपला संघ वेगळा हवा असेल तर वेगळा करा, पण कठड्यावर बसून टाळ्या वाजवण्यापुरत्या येऊ नका. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञ संस्थेने 2019 मध्ये कॅन्सरग्रस्तांसाठी जे प्रमाण सुचवलं ते फार मोठं नाही: आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतपत व्यायाम. वॉकिंग फुटबॉल नेमका एवढाच दम काढतो.

ज्यांना अजून धीर होत नाही, त्यांनी दोन माणसं आठवावीत. बार्सिलोनाच्या एरिक आबिदालच्या यकृतातली गाठ मार्च 2011 मध्ये काढली आणि त्याच मे महिन्यात तो वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना पूर्ण वेळ खेळला. कर्णधार पुयोलने चषक आधी त्याच्याच हातात दिला. आयव्हरी कोस्टच्या सेबास्टियन हालरला 2022 च्या जुलैत वृषणाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाल्या, केमो झाली. 2024 च्या फेब्रुवारीत आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध विजयी गोल त्याचाच होता. ते तरुण होते, व्यावसायिक होते, त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज होती, हे खरं. आपल्याला त्यांच्यासारखं पळायचंही नाही. आपल्याला एक पाऊल जमिनीवर ठेवून दुसरं उचलायचं आहे.

भारतात 2022 या एका वर्षात कॅन्सरचे सुमारे 14 लाख 61 हजार नवे रुग्ण आढळले असावेत, असा राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज आहे. उपचार सुधारत आहेत, वाचणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. या वाचलेल्या माणसांना आपण कुठे बसवणार, याचं उत्तर सरकारने द्यायची वाट बघू नका. टाटा मेमोरियलपासून जिल्ह्याच्या रुग्णालयांपर्यंत डॉक्टर जीव वाचवण्याचं काम करत आहेत. पुढचं काम पेठेचं आहे, तालमीचं आहे, घरच्यांचं आहे.

कोल्हापूरकरांनो, मुहूर्त शोधू नका. एक तालीम पुढे येऊ द्या, एक चित्रकार कागद-कोळसा घेऊन कडेला बसू द्या, आणि मैदानाच्या फाटकावर पाटी लावा: ‘कॅन्सरमधून उठलेल्यांसाठी वॉकिंग फुटबॉल, दर रविवारी सकाळी सात वाजता, प्रवेश विनामूल्य.’ पहिल्या रविवारी दोनच जण आले तरी खेळ सुरू करा.