मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणे! दुसरी खोली आहे कुणाकडे?

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीत एक लेख ठरावीक काळाने हमखास छापून येतो. तरुण पिढी मोबाईलच्या आहारी गेली, झोपेचे खोबरे झाले, पूर्वी असे नव्हते. मग शेवटी उपायांची यादी. झोपण्यापूर्वी दोन तास स्क्रीन बंद करा. शयनगृह शांत आणि अंधारे ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

हे लेख लिहिणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. दुसरी खोली आहे कुणाकडे?

मुंबईच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात तीन पिढ्यांचे संसार झाले. आजही राज्यातल्या शेकडो वस्त्यांमध्ये स्वयंपाक, अभ्यास, टीव्ही, पाहुणे आणि झोप हे सगळे एकाच खोलीत चालते. तिथे एकाने मोबाईल उघडला की चौघांच्या डोळ्यांवर उजेड पडतो. अशा घरातल्या पोराला 'शयनगृहाची शिस्त' शिकवणे म्हणजे त्याच्या गरिबीलाच आजार ठरवणे आहे.

याचा अर्थ मोबाईलने झोप बिघडत नाही असा नाही. बिघडते, आणि कशी बिघडते हे विज्ञानाने दाखवले आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्या चित्र पाहण्यापेक्षा दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवण्याचे काम करतात. निळसर उजेडाला त्या जास्त प्रतिसाद देतात. रात्री तसा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूला अजून दिवस आहे असे वाटते आणि झोपेची वेळ कळवणारे मेलाटोनिन कमी तयार होते. शरीराच्या या घड्याळाचे पेशींमधले कामकाज उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले.

पण पुरवणीतला लेख इथेच थांबतो आणि सगळे खापर उजेडावर फोडतो. मग बाजार निळा प्रकाश अडवणारे चष्मे विकायला येतो. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा घेतला. झोप सुधारते असा ठाम पुरावा त्यात सापडला नाही. चष्मे मात्र अजून विकले जात आहेत.

उजेड किती झोप खातो, तेही पाहू. अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो २०१५ च्या सुमारास खूप गाजला. १२ जणांना काही रात्री पडद्यावरचे पुस्तक आणि काही रात्री छापील पुस्तक वाचायला दिले. पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला सरासरी १० मिनिटे जास्त लागली, मेलाटोनिनची लय सुमारे दीड तास पुढे सरकली, सकाळी डोके जड राहिले. नुकसान खरेच आहे. पण त्या प्रयोगात रात्री १० वाजता सगळ्यांचे वाचन थांबवून दिवे बंद केले जात होते. आपल्या घरात १० वाजता दिवा बंद होतो, मोबाईल बंद होत नाही. मग उजेडाने १० मिनिटे खाल्ली, तर ११ ते १ हे दोन तास कोणी खाल्ले?

ते खाल्ले धंद्याने. हे मी म्हणत नाही. नेटफ्लिक्सचा तेव्हाचा प्रमुख रीड हेस्टिंग्ज यानेच २०१७ साली सांगितले की आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. कधीच न संपणारे पान, म्हणजे बोट सरकवत राहा आणि खाली नवीन येतच राहील, ही युक्ती २००६ साली काढणारा अझा रास्किन पुढे जाहीरपणे पस्तावला. पुस्तकाला शेवटचे पान असते. वर्तमानपत्र संपते. रीलला शेवट ठेवलेलाच नाही, कारण शेवट आला की माणूस झोपेल आणि झोपलेल्या माणसाला जाहिरात दाखवता येत नाही. आपल्या देशात २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, त्याचे स्वागतच आहे, त्यामुळे वस्तीतल्या पोराच्या हातात जगाचे ज्ञान आले. पण रात्री १२ ते पहाटे ६ अमर्याद डेटा देणाऱ्या योजना काही कंपन्यांनी कुणासाठी काढल्या? त्या वेळेत कुणी जागे राहावे अशी त्यांची अपेक्षा होती?

काही जण म्हणतील, जबरदस्ती कोणी केली? फोन बंद करून झोपा की! हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. गिरणीत १२-१४ तास राबणाऱ्या कामगारालाही हेच ऐकवले जायचे, नको असेल तर काम सोड. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगाराला संयमाचा उपदेश केला नाही, त्याला संघटित केले. १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, कायद्याने मिळणारा हक्क आहे, हा धडा या दोघांनी दिला.

आज मालकाने हाच हक्क मागच्या दाराने काढून घेतला आहे. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका दिवसभर गावात फिरतात आणि सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून रात्री ॲपवर माहिती भरतात. सफाई कामगाराला उद्याची ड्युटी कुठे आहे ते रात्री ग्रुपवर कळते आणि पहाटे हजेरी असते. जेवण पोहोचवणाऱ्या पोराचा फोन बंद झाला तर त्याची कमाईच बंद होते. यांना कोणत्या तोंडाने सांगणार, मोबाईल बाजूला ठेवा म्हणून? त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. १२ तास काम आणि जाण्यायेण्याचे तास वजा करा. उरलेल्या वेळेत माणूस रात्री तासभर रील पाहत असेल, तर दिवसात स्वतःचा म्हणावा असा तेवढाच एक तास त्याला मिळतो, आणि तोही तो झोपेतून कापून घेतो. ही चैन नाही, ही त्याची कोंडी आहे.

झोप हा हक्क आहे का? होय. रामलीला मैदानात झोपलेल्या जमावावर मध्यरात्री झालेल्या पोलीस कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झोप ही माणसाची मूलभूत गरज असून ती संविधानाच्या कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात येते असे म्हटले. मग कामाच्या वेळेनंतर येणारे आदेश थांबवणारा कायदा का नाही? फ्रान्समध्ये अशी तरतूद २०१७ पासून लागू आहे. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तसे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. बाबासाहेब रात्ररात्र वाचत होते, ही पोस्ट आपल्या ग्रुपवर रात्री दीड वाजता फॉरवर्ड होते आणि तीनशे जण त्याला अंगठा दाखवून पुढचा रील पाहतात! मित्रांनो, जागण्या-जागण्यात फरक आहे. बाबासाहेब ध्येयासाठी जागले. आपण कंपनीच्या जाहिरातीसाठी जागतो आहोत, तेही बिनपगारी. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी तर हे नीट लक्षात घ्यावे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. प्रौढाला रोज किमान ७ तास आणि किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते. ती कापून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

म्हणून मागणी सरकारकडे आणि कंपन्यांकडे: कामानंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणा, रात्री आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि न संपणारी पाने मुळातच बंद ठेवा, वस्तीवस्तीत अभ्यासिका काढा.

आणि सुरुवात आपल्यापासून करू. आपल्या सगळ्या ग्रुपवर रात्री १० ते सकाळी ६ कोणीही काही टाकणार नाही, असा नियम करा. अपघात, अत्याचार, आजारपण असेल तर थेट फोन करा. लेक्चर दिवसा उतरवून ठेवा. गजराचे स्वस्त घड्याळ आणा आणि घरातले सगळे मोबाईल दाराजवळ एकाच ठिकाणी चार्जिंगला लावा. त्याला दुसरी खोली लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवले की पुरते.