'पुट ऑफ' आणि 'मागे घेणे'

इंग्रजीतील 'पुट ऑफ' हे क्रियापद मराठी विद्यार्थ्याला बहुधा एखाद्या यादीत भेटते, आणि त्या यादीत त्याच्या शेजारी 'पुट ऑन', 'पुट आउट', 'पुट डाउन', 'पुट अप विथ' अशी सगळी भावंडे दाटीने बसलेली असल्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री कोणता अर्थ कोणाचा, हे त्याला सांगता येत नाही. स्पर्धा परीक्षांसाठी विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांत डावीकडे इंग्रजी क्रियापद आणि उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द एवढेच छापलेले असते, वाक्य नसते. ही उणीव किरकोळ नव्हे, कारण या क्रियापदांना वाक्याबाहेर काढले की त्यांचा अर्थ हाती राहत नाही; आणि ज्या मुलांच्या घरी इंग्रजी कानावर पडत नाही, त्यांचेच या याद्यांवर सर्वाधिक तास खर्ची पडतात, ही गोष्ट चीड आणणारी आहे.

साधे क्रियापद आणि 'ऑफ', 'अप', 'आउट' यांसारखा दिशा दाखवणारा छोटा शब्द यांची जी जोडी मिळून एका क्रियापदाचे काम करते, आणि जिचा अर्थ पुष्कळदा दोन्ही शब्दांच्या अर्थांची बेरीज करून लागत नाही, तिला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ मधील 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकामुळे रूढ झाली आणि त्यांनी तिचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. मात्र परकीयांना इंग्रजीत सर्वांत जड जाणारा भाग हाच, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत आधीच नोंदवून ठेवले होते.

'पुट ऑफ'चा जुना अर्थ अगदी शारीरिक आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मोशेला पायांतील जोडे काढण्याची आज्ञा होते, तेथे हेच क्रियापद आले आहे: अंगावरची वस्तू अंगापासून दूर करणे. पुढे दूर करण्याची ही क्रिया वस्तूवरून वेळेवर गेली आणि बैठक, लग्न, दाताच्या डॉक्टरकडची फेरी यांना ते लागू झाले. तीच क्रिया मनावर गेली, तेव्हा एखाद्या वासाने किंवा कोणाच्या बोलण्याने मन उडाले, इच्छा मेली, हे सांगण्यासाठीही 'पुट ऑफ' वापरले जाऊ लागले. 'लांबणीवर टाकणे' आणि 'मन उडवणे' हे दोन अर्थ यादीत शेजारी वाचताना एकमेकांशी अनोळखी वाटतात, पण दूर सारण्याचे मूळ चित्र डोळ्यांसमोर आणले की दोघांचे नाते उघड होते, आणि पाठांतराची गरज निम्म्याने संपते.

वाक्यात बसवतानाही या क्रियापदाच्या काही अटी आहेत. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही रूपे चालतात, परंतु बैठकीच्या जागी 'इट' हे सर्वनाम आले की ते मधेच बसवावे लागते, म्हणजे 'पुट इट ऑफ' हेच म्हणावे लागते. आणि पुढे दुसरी क्रिया आली तर ती 'गोइंग'सारख्या नामरूपात येते, 'टू गो' अशी येत नाही. उच्चारताना आघात सहसा 'पुट'वर नसून 'ऑफ'वर असतो, कारण वाक्याचा भार तो छोटा शब्द उचलत असतो.

मराठी बोलणाऱ्याने येथे बिचकण्याचे कारण नाही, कारण 'पुढे ढकलणे' ही त्याच्या घरची जोडी याच घडणीची आहे. परीक्षा पुढे ढकलली म्हणताना कोणी हाताने काही ढकललेले नसते. फरक आहे तो दिशेचा: इंग्रजीने काम दूर सारले, मराठीने ते पुढे लोटले. म्हणूनच 'पुढे'च्या जागी 'फॉरवर्ड' ठेवून भाषांतर केले की घात होतो, कारण तारखेविषयी बोलताना 'ब्रिंग फॉरवर्ड' याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ठरल्या तारखेच्या अलीकडे आणणे असा आहे, आणि 'पुट फॉरवर्ड' म्हणजे सूचना मांडणे. एखाद्या कचेरीत बैठक 'ब्रॉट फॉरवर्ड' झाल्याचे पत्र आले आणि वाचणाऱ्याने ती पुढे गेली असे समजले, तर तो बैठक आटोपल्यावर पोहोचेल.

छोट्या शब्दांच्या या करामती मराठीत किती खोल गेल्या आहेत, हे पाहायला 'मागे' हा एकच शब्द पुरेसा आहे. 'त्याने अर्ज मागे घेतला' आणि 'मागे त्याने अर्ज घेतला' ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. शब्द तेच, संख्या तीच. पण पहिल्या वाक्यात निवडणुकीच्या रिंगणातून एक उमेदवार बाहेर पडतो, आणि दुसऱ्यात फार तर कोणीतरी पूर्वी कधी खिडकीवरून एक कागद आणलेला असतो. 'मागे' क्रियापदाला खेटून उभा राहिला की ते क्रियापदच बदलते, आणि वाक्याच्या तोंडाशी गेला की तो नुसता काळ दाखवतो. ज्या मुलाला हा फरक कोणी न शिकवता कळतो, त्याला 'पुट इट ऑफ' कळणार नाही, असे मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

हाच 'मागे' निरनिराळ्या क्रियापदांच्या संगतीत निराळा वागतो. संप मागे घेतला जातो, विद्यार्थी अभ्यासात मागे पडतो, धावणारी दुसऱ्यांना मागे टाकते, अडचणीच्या वेळी माणूस मागे सरतो. 'मागे लागणे' तर ज्याच्या मागे लागायचे त्यावर रंग बदलते: कामाच्या मागे लागलेल्याचे कौतुक होते, पैशाच्या मागे लागलेल्याचे होत नाही, आणि कोणी हात धुऊन मागे लागला की त्यात छळाची छटा येते. इंग्रजीत 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' ऐकून भारतीय बोलणारा 'कोप'लाही 'अप' जोडतो आणि प्रमाण इंग्रजीला मान्य नसलेले 'कोप अप विथ' तयार होते. ही चूक असली तरी तिच्यामागे नमुना ओळखणारे कान आहेत, हे शिक्षकांनी लक्षात घ्यायला हवे.

शालेय मराठी व्याकरणाने मात्र या जोड्यांना स्वतंत्र घर दिलेले नाही. 'खेळू लागली' यासारख्या, धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून झालेल्या रूपाला तेथे संयुक्त क्रियापद म्हणतात. 'मागे घेणे' मात्र वाक्प्रचारांच्या यादीत जाते, किंवा 'मागे'ला क्रियाविशेषण अव्यय ठरवून विषय मिटवला जातो. स्वतःच्या भाषेतील जी रचना विद्यार्थ्याला नावानिशी दाखवलेली नसते, ती परक्या भाषेत समोर आली की त्याला परकीच वाटते. मराठीच्या तासाला 'मागे'ची आठ वाक्ये फळ्यावर लिहिली गेली, तर पुढच्याच इंग्रजीच्या तासाचे काम हलके होईल.

ती आठ वाक्ये शोधायला वर्तमानपत्र पुरते. पहिल्या पानावर आंदोलन मागे घेतल्याची बातमी असते, खेळाच्या पानावर एक संघ दुसऱ्याला गुणतक्त्यात मागे टाकतो, आणि आतल्या पानावरील निधनवार्तांत शेवटची ओळ जवळजवळ ठरलेली असते: त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. या ओळीतला 'मागे' काळही दाखवत नाही आणि पाठीमागची जागाही दाखवत नाही. जो गेला त्याच्या जाण्याने जे उरले, ते तो दाखवतो. इंग्रजीत त्या अर्थाची जोडी 'लीव्ह बिहाइंड' अशी आहे, आणि ही ओळ वाचत मोठ्या झालेल्या मुलीला ती पाठ करावी लागत नाही.