विश्लेषण : डाउन सिंड्रोममधील स्मृतिभ्रंश रक्तचाचणीतून कळेल का?

अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली. ही चाचणी ५५ वर्षे आणि त्यापुढील, लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तींसाठी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांना मात्र हा आजार अनेकदा पन्नाशीच्या सुरुवातीलाच गाठतो.

धोका एवढा का?

डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. ज्या प्रथिनापासून अमायलॉइड तयार होते, त्याचे ‘एपीपी’ जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे अमायलॉइड जन्मापासूनच जास्त बनते आणि चाळिशीपर्यंत जवळपास सर्वांच्या मेंदूत साचते. आयुष्यभरात अल्झायमर होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते. पूर्वी आयुर्मानच कमी असल्याने हा प्रश्न फारसा समोर येत नव्हता. आता अनेक जण साठीपर्यंत जगतात.

निदान अवघड कशामुळे?

स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांना लागू पडत नाहीत. त्यातच थायरॉइडचे विकार, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे, ऐकू कमी येणे यांची लक्षणेही स्मृतिभ्रंशासारखीच दिसतात. ‘तो आधीपासूनच असा आहे’ म्हणून बदलाकडे दुर्लक्ष होते, किंवा उपचाराने बरा होणारा त्रास स्मृतिभ्रंश समजला जातो.

रक्त काय सांगते?

‘पी-टाऊ२१७’ हे प्रथिन वाढले, तर मेंदूत अल्झायमरचे बदल सुरू असल्याचा संकेत मिळतो. ‘एनएफएल’ हे प्रथिन चेतापेशींची झीज दाखवते; ती कोणत्याही कारणाने झालेली असू शकते.

मग चाचणी पुरेशी आहे का?

नाही. चाळिशीनंतर अमायलॉइड जवळपास सर्वांमध्येच असते. त्यामुळे चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे स्मृतिभ्रंश सुरू झाला, असे नाही. मूत्रपिंडाच्या विकारातही ही प्रथिने वाढू शकतात. उपचारांतही हा गट मागे आहे. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, पण त्याच्या मुख्य चाचणीत डाउन सिंड्रोम असलेल्यांचा समावेश नव्हता.

कुटुंबाने काय करावे?

वयाच्या चाळिशीपासून दरवर्षी तपासणी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याआधीच बोलणे, चालणे, कपडे घालणे, रोजची कामे यांची नोंद ठेवावी. त्या व्यक्तीची आजची स्थिती तिच्याच कालच्या स्थितीशी ताडून पाहणे, हाच निदानाचा पाया आहे. रक्तचाचणी त्याला जोड देईल, त्याची जागा घेणार नाही.