जाऊ का?

परवा आमची नात शाळेतून आली ती तडक मोरीत शिरली आणि आतून कडी लावून रडत बसली. पोरगी पहिलीत आहे. आजीने बाबापुता करून दार उघडायला लावलं, तेव्हा हकीकत कळली ती अशी : वर्गात तिला शू लागली. तिने शहाण्या मुलीसारखा हात वर करून विचारलं, "टीचर, कॅन आय गो टु द टॉयलेट?" बाई म्हणाल्या, "यू कॅन, बट यू मे नॉट!" सहा वर्षांच्या जिवाने त्याचा अर्थ लावला की, जाता येतं, पण जायचं नाही. मूल आज्ञाधारक. बसून राहिलं. पुढचं त्या बाकाला ठाऊक.

मी खवळलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, त्यांना मॅनर्स शिकवायचे असतात हो."

मॅनर्स! अहो, हेच मॅनर्स साठ वर्षांपूर्वी मी तळहातावर घेतलेत. आमच्या मास्तरांपुढे 'कॅन' म्हटलं की ते 'केन' काढायचे. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीवर बंदी आली. 'मे' मात्र जागचा हलला नाही.

बरं, ज्यांची ही भाषा त्यांचं तरी या बाबतीत एकमत असावं की नाही? 1653 साली जॉन वॉलिस नावाच्या ऑक्सफर्डच्या भूमितीच्या प्राध्यापकाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये! त्यात 'शॅल' आणि 'विल' कुणी कुठे वापरायचं याचा नियम घातला. यावर इंग्रजांची एक जुनी गोष्ट आहे. एक परका माणूस पाण्यात पडतो आणि ओरडतो, "आय विल ड्राउन! नोबडी शॅल सेव्ह मी!" काठावरच्या व्याकरणशुद्ध मंडळींना ऐकू येतं, 'मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलंत तर!' आणि त्याच्या इच्छेला मान देऊन ती टोप्या काढून उभी राहतात. 1906 साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये कबूलच करून टाकलं की, हा भेद दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला आपसूक येतो; इतरांना तो साधणं जवळजवळ अशक्यच. म्हणजे पुढच्या जन्माची सोय बघा! आणि आज खुद्द लंडनचा माणूस कॉफी मागताना खुशाल 'कॅन आय हॅव' म्हणतो. 'मे'ची राखण करायला उरलो आपण.

तुम्ही म्हणाल, म्हणजे कसंही बोलावं की काय? मुळीच नाही. 'कॅन यू'पेक्षा 'कुड यू' मऊ, हे मला मान्य आहे. 'कुड' हे 'कॅन'चं भूतकाळी रूप. वर्तमानातून एक पाऊल मागे सरकून मागितलं की मागणं सौम्य होतं. ही युक्ती आपल्याकडेही आहेच की. शेजारचे काका दारात उभे राहून म्हणतात, "जरा पाचशे रुपये हवे होते." होते कसले, आत्ताच हवे असतात! पण 'हवेत' म्हटलं तर अंगावर आल्यासारखं होईल, म्हणून भूतकाळ.

आणि काही भेद तर खरोखर शिकायलाच हवेत. मी ते शिकलो नाही आणि महागात पडलो. चिरंजीवांच्या मुंजीला साहेबांना चिठ्ठी लिहिली. 'आपण यावं अशी इच्छा आहे' याचं तर्खडकरी भाषांतर केलं : 'आय विश यू वुड कम'. साहेबांचं इंग्रजी पक्कं. 'विश'च्या मागे 'वुड' आला की ती नुसती इच्छा राहत नाही, गाऱ्हाणं होतं. 'याल तर बरं, पण तुम्ही कुठले यायला!' असा त्याचा वास येतो. त्यात आधीच्या बारशाला साहेब खरंच आले नव्हते. मुंजीला आले, पाकीट दिलं, "आलो बरं का," म्हणाले आणि न जेवता गेले. तिथे 'आय होप यू विल कम' हवं होतं. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. 'मे'वर छड्या मारण्यातच तास संपत होते!

माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी. ज्या भेदाने अर्थ बदलतो तो शिकवा, हवं तर कान पिळून शिकवा. पण पोरीला काय हवंय ते पुरतं कळलेलं असताना, न कळल्याचं सोंग करून तिला ताटकळत ठेवायचं, याला मी मॅनर्स म्हणणार नाही. आपल्या मराठीत 'जाऊ का?' एवढ्यात काम भागतं. त्यात ना 'कॅन', ना 'मे'. आता मात्र मराठी वर्गातही मुलं 'मी जाऊ शकते का?' म्हणू लागलीत. म्हणजे तो 'कॅन' इकडेही शिरला. उद्या मराठीच्या बाई म्हणतील, "शकतेस, पण जायचं नाही!"

शेवटी बाईंना चिठ्ठी लिहायला बसलो. 'वुड यू' घातलं, खोडलं. 'कुड यू' घातलं. 'आय विश' लिहिलं आणि मुंज आठवून कागदच फाडला. मग सरळ मराठीत लिहिलं : 'बाई, पोरीला लागली की आधी जाऊ द्या. व्याकरण ती परत आल्यावर शिकवा.'

दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिली. बाई पंचविशीच्या असतील. वाचून गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, "आजोबा, मलाही माझ्या बाईंनी असंच शिकवलं होतं. माझाही एकदा फ्रॉक..." आणि थांबल्या.

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. पण त्यांच्याकडे बघून शब्द फुटेना. नुसतं "येऊ का?" म्हटलं आणि निघालो.